बाई रजेवर असताना

प्रसूती रजा १८० दिवसांची असते. रविवार, गणपती, दिवाळीची सुट्टी, सगळं धरून. गेल्या जुलैत एका माध्यमिक शाळेतल्या गणिताच्या बाई रजेवर गेल्या आणि त्यांचे सातवी-आठवीचे तास माझ्याकडे आले. नेमणूक तासिका तत्त्वावर, म्हणजे जो तास घेतला त्याचेच पैसे. पंधरा ऑगस्टला सकाळी सातला हजर राहायचं, कवायतीच्या रांगा सरळ करायच्या, एखाद्या पोराला उन्हात चक्कर आली की सावलीत नेऊन बसवायचं. पण तास झालेला नसतो, त्यामुळे त्या दिवसाचा हिशेब शून्य. बिल निघतं तीन-चार महिन्यांनी. तेव्हा क्लार्क आणि मी समोरासमोर बसून एकेक तारीख खोडत जातो. सहलीचा दिवस गेला. क्रीडास्पर्धेचे दिवस गेले. अतिवृष्टीची सुट्टी, तीही गेली. बाईंची सलग रजा माझ्या बिलात पार विरविरीत होऊन जाते.

कायद्यानं यात काही वावगं नाही. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी आपल्याकडे १९७७चा अधिनियम आहे, त्याखाली १९८१ची नियमावली आहे. जागा कायमची रिक्त असेल तर तिथे परिवीक्षेवर (प्रोबेशनवर) माणूस नेमायचा. रजेमुळे मोकळी झालेली जागा रजा संपेपर्यंतच मोकळी. मी कितीही चांगलं शिकवलं तरी त्या जागेवर माझा हक्क उभा राहत नाही, आणि राहूही नये. बाळंतपणाला गेलेल्या बाईंना परत आल्यावर आपली जागा शाबूत मिळायलाच हवी. उद्या मी कायम झाले तर मलाही ती तशीच हवी असेल. हे सगळं पटत असूनही, सकाळी ऑफिसात मस्टर ओलांडून शेजारच्या शंभर पानी वहीत सही करताना हात जरा घाईनं चालतो. शिक्षकांचे पगार ज्या ‘शालार्थ’ प्रणालीतून निघतात, तिच्यात माझं नाव नाही. शाळेच्या वेळापत्रकातही नाव बाईंचंच. त्याच्याखाली पेन्सिलनं माझं आद्याक्षर.

पहिल्या आठवड्यात मुलं एकच विचारतात, “आमच्या बाई कधी येणार?” याचं वाईट वाटून घ्यायचं नसतं. बाईंना बाळ झालं का, मुलगा की मुलगी, हेही मलाच विचारतात, जणू मी त्यांच्या घरूनच आले आहे. मग जागांची अदलाबदल करून बघतात, नावं चुकीची सांगून बघतात, “बाई तर आम्हाला या तासाला खेळायला सोडायच्या” असं बिनदिक्कत ठोकून देतात. हे सगळं आठवडाभरात संपतं. मग खरी अडचण सुरू होते, ती अशी की आपण दुसऱ्याच्या शिकवण्याच्या मध्यात येऊन उभे असतो.

सातवी ‘ब’मध्ये पूर्णांक संख्यांचा गुणाकार चालू होता. बाई नियम देऊन गेल्या होत्या: चिन्हं सारखी असतील तर उत्तर धन, वेगळी असतील तर ऋण. सगळ्या वर्गाला पाठ. मी विचारलं, “का?” पुढच्या बाकावरची एक मुलगी, अजिबात उद्धटपणा न करता, म्हणाली, “बाई, आमच्या बाई ‘का’ नाही विचारत.” कोणी हसलं नाही. सगळ्यांच्याच मनात तेच होतं.

इथे फार जपून पाऊल टाकावं लागतं. बाई तिथे नाहीत, स्वतःची बाजू मांडू शकत नाहीत, आणि जानेवारीत त्यांना याच पोरांसमोर उभं राहायचं आहे. मी म्हटलं, “बाईंनी सांगितलेला नियम अगदी बरोबर आहे. तो आला कुठून, तेवढंच बघूया.” फळ्यावर एकाखाली एक लिहीत गेले. (−३) × ३ = −९. (−३) × २ = −६. (−३) × १ = −३. (−३) × ० = ०. “प्रत्येक ओळीला उत्तर कितीनं वाढतंय?” तीननं. “मग (−३) × (−१)ची ओळ तुम्हीच लिहा वहीत.” मी बाकांमधून फिरू लागले. खिडकीजवळच्या एका मुलानं ३ लिहिलं आणि लगेच तळहातानं झाकलं. आपलं उत्तर बरोबर असेल असा त्याला भरवसा नव्हता. मी तो हात उचलायला सांगितला, वही शेजारच्याला दाखवायला लावली, आणि बाकीचा तास त्या दोघांनीच चालवला म्हणायला हरकत नाही.

तो मुलगा वर्गात कितव्या नंबरावर आहे हे मला ठाऊक नव्हतं. तात्पुरत्या शिक्षकाकडे असलेली ही बहुधा एकमेव श्रीमंती. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर मुलांची उत्तरं लांब होतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही तोंड उघडतात. बी.एड.ला असताना हे परीक्षेपुरतं वाचलं होतं. वर्गात उभी राहिल्यावर कळलं की तो एक सेकंद येतो कुठून. कायमच्या शिक्षकाला प्रश्न विचारतानाच माहीत असतं की हा कोणाला येणार, कोणाला नाही. त्याची नजर थेट त्या तीन-चार बाकांवर जाते. माझ्याकडे ती यादीच नसते, म्हणून मला थांबावं लागतं. अर्थात हे टिकत नाही. घटक चाचणीचे दोन गठ्ठे तपासून झाले की माझ्याही डोक्यात यादी तयार होते, आणि ऑक्टोबरपर्यंत माझी नजरसुद्धा त्याच बाकांकडे वळू लागते. मोडायची म्हटली तरी ती यादी सहज मोडत नाही.

तासिका तत्त्वावरच्या माणसाचा आणखी एक उपयोग असतो: ऑफ तास. कोणी रजेवर, कोणी प्रशिक्षणाला, कोणी निवडणुकीच्या कामाला. शिपाईमामा अडजस्टमेंटची वही घेऊन दारात उभे. “मॅडम, मोकळ्या आहात ना?” वहीत आधीच नाव लिहिलेलं असतं, आपण फक्त सही करायची. या तासांचे पैसे मिळतात की नाही हा शाळेशाळेचा प्रश्न. मिळाले तर समजायचं हेडसर बरे आहेत. जायचं कुठे, तर नववी ‘क’, विषय चित्रकला, आणि वर्गात ऑफ तासाचा म्हणून एक खास गोंगाट आधीच सुरू झालेला.

“गप्प बसा, अभ्यास करा” म्हणून तास काढता येतो. बरेच जण काढतात, आणि दिवसाचे सहा तास घेऊन थकलेल्या माणसाला मी त्याबद्दल बोल लावणार नाही. मला मात्र ते जमत नाही, कारण या वर्गाची आणि माझी भेट कदाचित एवढीच. म्हणून दोन-तीन कोडी कायम तयार ठेवते. त्यातलं एक: तीन अंकी संख्या घ्या, पहिला आणि शेवटचा अंक वेगळा हवा. ती उलटी लिहा. मोठीतून लहान वजा करा. आलेलं उत्तर उलटं करा आणि दोन्ही मिळवा. उत्तर सगळ्यांचं १०८९. दोन-चार पोरांचं आलं की गोंगाटाचा सूर बदलतो. जो तो नवी संख्या घेऊन बघतो.

त्या दिवशी मागच्या बाकावरून एक जण ओरडला, “माझं १९८ आलंय!” वर्गानं निकाल देऊन टाकला, चुकलास. त्याला फळ्यावर बोलावलं. त्यानं ५३४ घेतले होते. ५३४ वजा ४३५, ९९. उलटं केलं तरी ९९. बेरीज १९८. आकडेमोडीत कुठेच चूक नाही. आता वर्ग अस्वस्थ झाला, काहींना वाटलं बाईंचं कोडंच खोटं. मी काही बोलले नाही. बऱ्याच वेळानं एक मुलगी म्हणाली, “तीन अंकीच ठेवायचं ना? मग ०९९ लिहायला लागेल.” ०९९ उलटं केलं की ९९०, आणि बेरीज १०८९. त्यावर दुसरा उसळला, “पुढच्या शून्याला किंमत नसते, आम्हाला पाचवीत शिकवलंय!” ती म्हणाली, नसते, पण उलटं करताना ते मागे गेलं ना. भांडण अर्ध्यावर असताना घंटा झाली. पुढचा तास विज्ञानाचा होता. सर दारात येऊन उभे राहिले तरी तो मुलगा फळा सोडायला तयार नव्हता.

आता नोकरीच्या परीक्षेकडे वळते. ती म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. २०० प्रश्न, १२० मिनिटं, संगणकावर. भागाकार करून पाहिला तर एका प्रश्नाला ३६ सेकंद. नववी ‘क’नं एका शून्यावर जेवढा वेळ घालवला तेवढ्यात इथे पन्नासेक प्रश्न उरकायचे असतात. दिवसा थांबायची सवय लावायची आणि रात्री घड्याळ लावून न थांबण्याची, असं हे दुहेरी आयुष्य आहे. पहाटे उठून बसमध्ये सराव पेपर सोडवणारे माझ्यासारखे अनेक जण मला रोज दिसतात. मोबाइलवर मान खाली, ओठ हलतायत, म्हणजे अंकमालिका चालू आहे.

या चाचणीआधी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, असते. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्याच वर्षी २३ ऑगस्टला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या अधिसूचनेनं पहिली ते आठवीच्या शिक्षकांना पात्रता परीक्षा आवश्यक ठरली, आणि महाराष्ट्रात ती पहिल्यांदा झाली २०१३च्या डिसेंबरात. १५० गुणांपैकी ६० टक्के मिळाले की पात्र. पण पात्र होणं वेगळं आणि जागा निघणं वेगळं. २ मे २०१२च्या निर्णयानं राज्यात शिक्षकभरती थांबली होती. पुढे २०१७मध्ये शिक्षकभरतीसाठी ‘पवित्र’ पोर्टल आलं, त्याच डिसेंबरात पहिली अभियोग्यता चाचणी झाली, आणि दुसरी झाली थेट २०२३च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. ज्यानं २०१८ साली डी.एड. किंवा बी.एड. पूर्ण केलं, त्याला आपली बुद्धिमत्ता दाखवायची संधीच पाच वर्षं नव्हती. ही पाच वर्षं बहुतेकांनी माझ्यासारखीच काढली: कोणाच्या तरी रजेवर, कोणाच्या तरी रिक्त जागेवर, क्लासमध्ये, नाहीतर शेतीत. आणि २०२३च्या जुलैत रिकाम्या वर्गांवर तात्पुरतं कोणाला घ्यायचं ठरलं, तर निवृत्त शिक्षकांना, २०,००० रुपये मानधनावर. त्या दिवशी आमच्या व्हॉट्सअॅप गटावर जे काही लिहिलं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तरीही पोर्टलला सरसकट शिव्या घालणाऱ्यांच्या रांगेत मी बसत नाही. माझी मोठी बहीण बी.एड. झाली तेव्हा गुणवत्ता यादी वगैरे काही नव्हतं. एका संस्थेत मुलाखतीला गेली. पाठ चांगला झाला, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि बाहेर आल्यावर एका गृहस्थांनी वडिलांना बाजूला घेऊन आकडा सांगितला. लाखात होता. वडिलांनी चहाचा कप तोंडाला न लावता परत ठेवला आणि दोघं एसटीनं घरी आली. बहीण आता बँकेत आहे. गणित तिचं माझ्यापेक्षा चांगलं होतं. पोर्टलवर निदान माझ्या गुणांच्या पुढे कोणाचा आकडा लागत नाही. खासगी संस्थांसाठी मुलाखतीचा पर्याय आहे, तिथे काय होतं याबद्दल गटावर रोज चर्चा असते, पण आधी गुणांवर यादीत यावं लागतं, एवढा बांध तरी आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. या सगळ्या गणनेत वर्ग कुठेच नाही. प्राधान्यक्रम भरताना गुण, प्रवर्ग, विषय, माध्यम, समांतर आरक्षण सगळं विचारतात. किती वर्षं शिकवलंत, कोणाला, कसं, याला चौकट नाही. सातवी ‘ब’ला ऋण संख्या समजावून सांगितलेली मी आणि बी.एड. झाल्यावर एकदाही खडू न धरलेला उमेदवार, यादीत आम्हा दोघांमध्ये फरक फक्त त्या २०० प्रश्नांचा. “अनुभव तरी मिळतोय ना!” असं सांगणाऱ्यांना (नातेवाइकांत असा एक तरी असतोच) मी हल्ली विचारते, की कुठे चालतो हा अनुभव? किराणा दुकानात तर चालत नाही. आणि निवड झाली तरी लगेच कायम होत नाही कोणी. आधी तीन वर्षं शिक्षणसेवक, प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० मानधनावर. २०२३मध्ये वाढवल्यानंतरचे हे आकडे.

सप्टेंबरात मात्र स्टाफरूममध्ये एक चमत्कारिक गोष्ट घडली. १ सप्टेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या कार्यरत शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं. त्या दिवशी मधल्या सुट्टीत कोणी डबाच उघडला नाही. आणि दोन दिवसांनी, सहावी ते आठवीला विज्ञान शिकवणारे एक सर, नोकरीला वीस वर्षांहून जास्त झालेले, माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाले, “मॅडम, तुमची पुस्तकं असतील ना जुनी?”

मग आम्ही मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत बसू लागलो. सरांनी गाइडला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं, पोरांना दिसू नये म्हणून. बालमानसशास्त्राचे ३० गुण त्यांना सगळ्यात जड वाटत होते. पियाजे या मानसशास्त्रज्ञाचा भाग काढला. बुटक्या भांड्यातलं पाणी उंच नळीत ओतलं की लहान मुलाला ते वाढल्यासारखं वाटतं, असं मी सांगत होते. सरांनी ऐकता ऐकता हात मागे नेऊन फडताळातून चंचुपात्र आणि मोजपात्र काढलं, नळाचं पाणी घेतलं आणि ओतून दाखवलं. “अहो, हे तर सहावीतली काही पोरंसुद्धा म्हणतात मला. मी त्यांना परत ओतायला लावतो, परत, परत. चौथ्यांदा गप्प होतात. याला नाव आहे होय?” मी नाव सांगितलं. त्यांनी ते गाइडमध्ये पेन्सिलनं अधोरेखित केलं आणि बराच वेळ त्याकडे बघत बसले. “वीस वर्षं ओततोय,” म्हणाले.

त्यांचा राग मला समजत होता, पण सगळा पटत नव्हता. गणित-विज्ञानाच्या ६० गुणांतल्या शेकडेवारीच्या, काळ-काम-वेगाच्या उदाहरणांवर ते अडत होते, आणि आठवीपर्यंत शिकवणाऱ्याला ती यायला हवीत असं माझं स्पष्ट मत आहे. ते मी बोलले नाही. त्यांना उदाहरणं करून दाखवत राहिले. तिसऱ्या आठवड्यात ते स्वतःच म्हणाले, “गणित वाढवायला पाहिजे होतं आधीच. विज्ञान मिळालं म्हणून सुटलो होतो.” नोव्हेंबरातल्या टीईटीला ते बसले. त्यांच्या केंद्रावर त्यांचाच एक जुना विद्यार्थी पुढच्या बाकावर होता, त्यानं उठून नमस्कार केला म्हणे. सर हे सांगताना हसले, पण दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

एकमेकांशी बोलताना आम्ही एक गोष्ट टाळत असू. त्यांची जागा आहे आणि मला ती नाही. त्यांच्याकडे नव्हती ती पात्रता माझ्याकडे होती. कोण कोणाकडे बघून काय विचार करतंय हे दोघांनाही कळत होतं. प्रयोगशाळेत बसलं की तेवढ्यापुरतं ते बाजूला राहायचं, कारण समोर काहीतरी सोडवायचं असायचं.

जानेवारीत बाई परत आल्या. दोन दिवस मी त्यांच्याबरोबर वर्गांवर गेले. सातवी ‘ब’: पायथागोरसचा सिद्धांत अर्धा झालाय, पडताळा घ्यायचा राहिलाय. आठवी ‘अ’: सांख्यिकी सुरू केलंय, स्तंभालेख येतात, मध्य काढताना घाई करतात. खिडकीजवळचा तो मुलगा उत्तर झाकतो, हात उचलायला सांगा. बाईंनी शेवटचं लिहून घेतलं नाही, पण मान वर करून म्हणाल्या, “अजून झाकतो?” म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. मला बरं वाटलं. थोडं चोरीला गेल्यासारखंही वाटलं.

ऑफिसात अनुभवाचा दाखला तयार होता. सदर कालावधीत त्यांनी तासिका तत्त्वावर अध्यापनाचे काम केले असून त्यांचे वर्तन समाधानकारक होते. क्लार्कनं शिक्का मारताना विचारलं, दोन प्रती देऊ का? चार मागून घेतल्या. बिलाचं विचारलं तर म्हणाले, मार्चएंडच्या आत बघू.

त्याच आठवड्यात दुसऱ्या एका शाळेतून फोन आला. तिथल्या हेडसरांना माझा नंबर आमच्या विज्ञानाच्या सरांनी दिला होता.

“मॅडम, आमच्या एक बाई बालसंगोपन रजेवर चालल्यात. गणित नाही हो, इतिहास-भूगोल आहे. चालेल?”

“चालेल. कुठपर्यंत झालंय शिकवून? त्यांची टाचण वही बघायला मिळेल का?”

“ती त्या घरी घेऊन गेल्यात,” हेडसर म्हणाले. “तुम्ही पोरांनाच विचारा.”